सुक्या चाऱ्याचे महिने आणि करडांचे ताठलेले पाय

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावाभोवती शेळ्या चरायला न्याव्यात अशी जागा आता फारशी उरलेली नाही. पडीत जमिनी वहिताखाली आल्या, धुरे अरुंद झाले, खरिपात चहूकडे सोयाबीन आणि कपाशी उभी असते, आणि पूर्वी वेचणी संपल्यावर उन्हाळ्यापर्यंत शेतात राहणारी पऱ्हाटी आता लवकर उपटली जाते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरल्यानंतर फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेले पीक, घेऊ नये असे कृषी विभाग वारंवार सांगतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या पऱ्हाटीचा हिरवा पाला पौष-माघात गावच्या शेळ्यांच्या पोटात जात असे, हेही खरे. या सगळ्याचा विचार करून आम्ही आमचा बेरारी शेळ्यांचा कळप बंदिस्त केला. गव्हाणीत सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार, मक्याचा भरडा, थोडी सरकीची ढेप, मीठ आणि खनिज मिश्रण असा आहार ठरला. ज्वारीचे क्षेत्र घटल्यापासून कडबा विकत घेणे परवडत नाही, म्हणून कुटारावरच भर होता. पोटभर चारा, वेळेवर लसी आणि जंतनाशक मिळाल्याने शेळ्या अंगाने भरल्या, त्यांची कातडी तुकतुकीत झाली आणि बहुतेक शेळ्यांनी जुळी दिली.

अडचण दिसली ती माघ-फाल्गुनात जन्मलेल्या करडांमध्ये. जन्मतः ती चांगली वजनदार होती, पहिले काही दिवस उड्या मारत होती, आणि दोन-तीन आठवड्यांची झाल्यावर त्यांच्यातील काहींची चाल बदलू लागली. मागचे पाय ताठ ठेवून, पाठीला किंचित बाक काढून ती चालत, बसल्यावर उठताना धडपडत आणि काही पावलांतच थांबून थरथरत. करडांची देखभाल माझी पत्नी करते. तिने दोन गोष्टी माझ्या लक्षात आणून दिल्या. एक म्हणजे आजारी करडाची भूक गेलेली नव्हती; बाटली तोंडाशी नेली की ते अधाशासारखे पीत असे, फक्त उभे राहून आईच्या सडाला लागणे त्याला जमत नसे. दुसरे म्हणजे ज्या शेळ्यांना भरपूर दूध होते आणि ज्यांची करडे सर्वांत झपाट्याने वाढत होती, नेमकी त्यांचीच करडे आधी पडत होती. अशक्त, मागे राहिलेली करडे तुलनेने बरी होती. उपासमारीचा किंवा जंतांचा संशय त्यामुळे आपोआप मागे पडला.

गावातल्या चार घरच्या शेळ्या एकत्र करून अजूनही नाल्याकाठी चारायला नेणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, माह्या बकऱ्यायच्या पिल्लायले असं काही होऊन नाही राह्यलं. दिवसभर बोरी-बाभळीचा पाला खातेत त्या." तेव्हा या उत्तराला मी विशेष महत्त्व दिले नाही, कारण चरणाऱ्या शेळ्यांची करडे इतर दहा कारणांनी दगावतात हे ठाऊक होते. पुढे निदान झाल्यावर मात्र त्यांच्या बोलण्यात आख्खा मुद्दा आलेला होता हे समजले.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना बोलावले. त्यांची तपासणीची पद्धत सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण पाय ताठणारे करडू म्हटले की आपल्याकडे लगेच 'धनुर्वात' असे ठरवून टाकले जाते. त्यांनी प्रथम करडाचे तोंड उघडून पाहिले; जबडा सहज उघडत होता, कान ताठलेले नव्हते, आवाजाने किंवा स्पर्शाने झटके येत नव्हते, म्हणून धनुर्वात बाजूला झाला. मग गुडघे आणि घोटे चाचपले. नाळेतून संसर्ग झालेला असता तर सांधे सुजून गरम झाले असते आणि ताप असता, पण सांधे स्वच्छ होते आणि ताप नव्हता. तांब्याच्या कमतरतेत करडाचा मागचा भाग डुलतो, पाय लुळे पडतात. इथे पाय लुळे नसून मांडीचे आणि खांद्याचे स्नायू दोन्ही बाजूंनी सारखेच कडक झाले होते आणि दाबल्यावर करडू ओरडत होते. चौथा प्रश्न आपल्या कापूसपट्ट्यातला होता. करडांनी सरकी खाल्ली आहे का, असे त्यांनी विचारले. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य रवंथ सुरू न झालेल्या लहान पिल्लांना विषारी ठरते आणि हृदयाच्या स्नायूवर आघात करते. आमची करडे अजून दुधावरच होती, ढेपेला त्यांचे तोंड लागलेले नव्हते.

"आता यांच्या माया गेले दोन महिने काय खात होत्या ते सांगा भाऊ," असे म्हणून ते गव्हाणीशी गेले, कुटाराची मूठ उचलून त्यांनी उजेडात पाहिली आणि हिरवे काही आहे का, असे विचारले. हिरवे काही नव्हते. मार्गशीर्षात विहिरीच्या पाण्यावर हरभरा आणि गहू होता. चाऱ्याला पाणी देण्याचा प्रघात आमच्याकडे नव्हता.

त्याच दिवशी पहाटे एक करडू मेले होते. ते आजारी दिसलेही नव्हते. आईमागे धावताना कोसळले आणि संपले. डॉक्टरांनी गोठ्यामागे त्याचे शवविच्छेदन केले. मांडीचे कातडे बाजूला केल्यावर निरोगी करडाचा स्नायू जसा एकसारखा लाल दिसायला हवा तसा तो नव्हता. त्यात फिकट, खडूसारखे पांढुरके पट्टे होते आणि डाव्या मांडीत जिथे पट्टा होता, तिथेच तो उजव्या मांडीतही होता. हृदय उघडल्यावर त्याच्या भिंतीतही तसेच ठिपके आढळले. जिवंत करडांपैकी एकाचे रक्त तपासायला पाठवले. स्नायू तुटू लागले की रक्तात वाढणारे क्रिएटिन कायनेज हे विकर त्यात कैक पटींनी वाढलेले निघाले. ई जीवनसत्त्वाचे रक्तातील प्रमाण मोजणारी तपासणी आमच्या आवाक्यात नव्हती, त्यासाठीचा नमुना थंड आणि उजेडापासून झाकून न्यावा लागतो. म्हणून शवविच्छेदन, हे विकर, आहाराचा इतिहास आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद या चारांच्या आधारे निदान पक्के करायचे, असे त्यांनी सांगितले. या विकाराला पांढऱ्या स्नायूंचा आजार म्हणतात आणि तो ई जीवनसत्त्व, सेलेनियम किंवा दोन्ही कमी पडल्याने होतो.

उपचार साधा होता, पण त्यासोबत मिळालेली ताकीद अधिक महत्त्वाची होती. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र असलेले इंजेक्शन करडाच्या वजनाप्रमाणे मोजून दिले गेले. करडांना कोरड्या, मऊ जागेत वेगळे ठेवायचे, त्यांना पळू द्यायचे नाही, आणि दूध बाटलीने पाजायचे, इतकीच आमच्याकडची कामे होती. पळण्याची बंदी यासाठी की ज्या स्नायूवर अचानक ताण येतो तोच आधी तुटतो. एरवी बरे दिसणारे करडू मोकळे सोडल्यावर धावते आणि हृदयाचा स्नायू निकामी होऊन जागीच मरते. ज्यांचे फक्त पाय धरले होते ती करडे दोन-तीन दिवसांत उभी राहू लागली. ज्या एका पिल्लाला धाप लागत होती ते वाचले नाही, आणि ते वाचणार नाही याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती.

इंजेक्शनचा गुण पाहून शेजारच्या गावातील एका शेळीपालकाने तेच औषध आणून सगळ्या कळपाला आठवड्याआड टोचण्याचा विचार बोलून दाखवला. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट शब्दांत थांबवले. ई जीवनसत्त्व थोडे जास्त झाले तर सहसा बिघडत नाही, पण सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांतील अंतर फार कमी आहे. जनावराच्या एकूण सुक्या आहारात त्याचे प्रमाण दशलक्षात ०.१ ते ०.३ भाग इतके पुरते, आणि इंजेक्शनचा अतिरेक झाल्यास श्वासाला लसणासारखा वास येऊन, धाप लागून जनावर काही तासांत मरू शकते. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागातील काही जमिनींत सेलेनियम मुळातच इतके आहे की तिथल्या चाऱ्याने जनावरांचे खूर झडतात. त्यामुळे 'सेलेनियम चांगले' किंवा 'सेलेनियम वाईट' असे सरसकट काहीच म्हणता येत नाही, आणि माझ्या मते या औषधाची बाटली गोठ्याच्या कोनाड्यात असूच नये.

करडे सावरली, पण हे नेमके घडले कसे, हा प्रश्न मला सोडत नव्हता. माझा भाचा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने हा विषय मला समजेल अशा रीतीने मांडला. शरीरातील प्रत्येक पेशीभोवती चरबीचे अतिशय पातळ आवरण असते. स्नायू काम करतो तेव्हा प्राणवायूचा वापर वाढतो आणि त्या ओघात काही अस्थिर, आक्रमक कण तयार होतात; ते आवरणातील चरबीवर तुटून पडतात. एक रेणू खवट झाला की तो शेजारच्याला खवट करतो आणि ही साखळी पुढे सरकत राहते. ई जीवनसत्त्व त्या आवरणातच वसलेले असते आणि आपला एक हायड्रोजन देऊन ती साखळी तोडते. त्यातून सुटून जी पेरॉक्साइड द्रव्ये तयार होतात त्यांचा निकाल ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर लावते, आणि त्या विकराच्या गाभ्यात सेलेनियम असते. दोघांचे काम एकाच संकटावर, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर चालते. म्हणून एकाची कमतरता दुसरे काही अंशी भरून काढते, पूर्णपणे नाही.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने जमले आहे, हेही त्याने सांगितले. १९२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना असे आढळले की ठरावीक शुद्ध आहारावर वाढवलेल्या उंदराच्या माद्या गाभण राहतात, पण गर्भ पोटातच जिरतात, आणि हिरवी सॅलडची पाने किंवा गव्हाचे अंकुर दिले की पिल्ले जगतात. त्या घटकाला पुढे ई जीवनसत्त्व म्हटले गेले. सेलेनियम तर बराच काळ केवळ विष म्हणून ओळखले जात होते. १९५७ मध्ये क्लाउस श्वार्त्स यांनी ते आवश्यक असल्याचे दाखवले, आणि त्या विकरातील त्याचे स्थान १९७३ मध्ये स्पष्ट झाले. पानांनी उंदरांची पिल्ले वाचली होती, हा तपशील ऐकताना मला नाल्याकाठच्या शेळ्यांची आठवण झाली.

मला सर्वाधिक उपयोगी पडला तो भाग वारेचा आणि चिकाचा. ई जीवनसत्त्व आईच्या रक्तातून वारेमार्गे गर्भापर्यंत फारच थोडे पोहोचते. शेळीचे असो, गाईचे असो वा म्हशीचे, पिल्लू जन्माला येते तेव्हा त्याच्याजवळ या जीवनसत्त्वाचा साठा जवळजवळ नसतो. तो मिळतो चिकातून, आणि चिकात तो किती उतरेल हे आईने गाभण काळाच्या अखेरीस काय खाल्ले यावर अवलंबून असते. आमच्या शेळ्या भाद्रपद-आश्विनात फळल्या होत्या. पाच महिन्यांचा गाभण काळ धरला तर त्यांचे शेवटचे दोन महिने पौष-माघात आले, म्हणजे नेमके ज्या काळात गव्हाणीत कुटाराखेरीज काही नव्हते. करडांना चीक वेळेवर आणि भरपूर मिळाला होता. त्या चिकातच जे नव्हते ते त्यांना मिळणार कुठून? जे करडू झपाट्याने वाढते त्याच्या स्नायूंची गरजही मोठी, म्हणून सर्वांत देखणी करडे आधी पडली.

त्यानंतर आम्ही गव्हाणीतील प्रत्येक पदार्थ या दृष्टीने तपासायला घेतला. ताज्या हिरव्या चाऱ्यात, त्यातील पाणी वजा करून उरणाऱ्या दर किलो सुक्या भागात, साधारण ८० ते २०० आंतरराष्ट्रीय युनिट ई जीवनसत्त्व असते. तोच चारा कापून वाळवला आणि साठवला की यातील २० ते ८० टक्के नष्ट होते. किती, ते उन्हात किती दिवस पडला, पावसात भिजला का, पाने गळाली का आणि किती महिने ठेवला यावर ठरते. पानात ते जास्त आणि काडीत कमी. कुटार म्हणजे पक्व होऊन वाळलेल्या झाडाच्या काड्या आणि शेंगांची टरफले. त्यात या जीवनसत्त्वाची अपेक्षा ठेवण्यातच अर्थ नाही. सोयाबीन किंवा सरकीच्या तेलात ते पुष्कळ असते, पण घाण्यातून किंवा कारखान्यातून तेल निघाल्यावर ढेपेत उरते ते थोडे. मक्याच्या अखंड दाण्यात ते काही प्रमाणात टिकते, मात्र दाणा भरडला की आतील तेल हवेला उघडे पडते आणि ते झपाट्याने घटू लागते. त्यात लोह, तांबे असलेले खनिज मिश्रण मिसळून ठेवले तर आणखी लवकर. आम्ही सोयीसाठी दीड-दोन महिन्यांचा भरडा एकदम दळून, खनिज मिश्रण घालून, टिनाच्या छपराखाली पोत्यांत भरून ठेवत असू. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या छपराखाली पोत्यात काय होत असेल, ते नाकाने तपासले तरी कळते. आता भरडा पंधरवड्यापुरता निघतो आणि मिश्रण रोज वाढताना मिसळले जाते.

हिरव्या चाऱ्यासाठी विहिरीजवळचा एक पट्टा लसूण घासाला दिला. दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरलेला घास विहिरीला पाणी असेपर्यंत कापणी देतो. घरात यावर बरीच चर्चा झाली, कारण तेवढ्या जागेतला गहू कमी होणार होता. वडिलांचे म्हणणे होते की जनावराला ओलीत देऊन माणसाने गहू विकत आणायचा, हा कुठला हिशेब. हिशेब असा होता की एका शेळीला दिवसाला किलोभर हिरवा घास दिला तर त्यात सुका भाग सुमारे २०० ग्रॅम, आणि त्यातून १६ ते ४० युनिट जीवनसत्त्व. आकडा लहान दिसतो, पण कुटाराच्या ढिगातून ते मिळत नाही, आणि शेळीही गाईपुढे लहानच आहे. घास नुसता, उपाशी पोटी आणि दवाने भिजलेला दिला तर पोट फुगते, म्हणून तो कुटारात मिसळून दुपारी देतो. बांधावर सुबाभूळ, शेवरी आणि शेवगा लावला आहे. सुबाभळीत मायमोसिन हे अपायकारक द्रव्य असल्याने तिचा पाला एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देत नाही. विहीर आटल्यावर, म्हणजे चैत्राच्या पुढे, या झाडांचा पालाच आधार असतो.

चारा वाळवण्याची पद्धतही बदलली. श्रावण-भाद्रपदात धुऱ्यावरचे गवत आणि शेवरीचा पाला मुबलक असतो. पूर्वी तो उन्हात पसरून कडकडीत वाळवला जाई. आता कापल्यावर अर्धा दिवस ऊन दाखवून पुढे गोठ्याच्या माळ्यावर सावलीत, पातळ थरात पसरतो आणि हिरवा रंग टिकेल असा बेत ठेवतो. सावलीतही नुकसान होतेच, पण कमी होते. या कामाला वेळ आणि जागा फार लागते आणि आभाळ भरून आले की बुरशीचा धोका असतो. बुरशी लागलेला पाला टाकून द्यावा, वाया जातो म्हणून गाभण शेळीला घालू नये, हे डॉक्टरांनी वेगळे बजावले होते.

एवढे करूनही गाभण काळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत शेळ्यांना ई जीवनसत्त्व असलेली भुकटी भरड्यातून द्यावी, असा सल्ला मिळाला. ती विकत घेताना पोत्यावरचा मजकूर वाचायला शिकावे लागले. भुकटीत हे जीवनसत्त्व ॲसिटेटच्या स्वरूपात असते, कारण तसे ते साठवणीत लवकर बिघडत नाही. कृत्रिम ॲसिटेटचा १ मिलिग्रॅम म्हणजे १ युनिट, तर नैसर्गिक अल्फा-टोकोफेरॉलचा १ मिलिग्रॅम म्हणजे १.४९ युनिट. काही पाकिटांवर अ, ड३ आणि ई यांचा ठळक उल्लेख असतो आणि ई चे प्रमाण पाहिले तर ते नावापुरते निघते. दुकानदार जे पुढे करतो त्याच्या मागच्या बाजूचे आकडे पाहून डॉक्टरांना फोन करणे, ही आमची रीत झाली.

आमच्याकडे दोन संकरित गाई आहेत आणि त्यांचा प्रश्न वेगळ्या रूपात होता. उन्हाळ्यात व्यालेल्या गाईचा जार, म्हणजे वार, अडकायचा, पुढे गर्भाशयात पू व्हायचा आणि मग ती सारखी उलटायची, म्हणजे गाभ न धरता पुन्हा पुन्हा माजावर यायची. जार अडकण्याची कारणे पुष्कळ आहेत. अडलेले विणे, जुळी वासरे, कॅल्शियमची कमतरता, गर्भपात घडवणारे संसर्ग. त्यांपैकी एक असे की जार सुटण्यासाठी पांढऱ्या रक्तपेशींनी गर्भाशयाशी असलेली त्याची पकड सोडवावी लागते, आणि विण्याच्या सुमारास ई जीवनसत्त्व व सेलेनियम कमी असेल तर या पेशी मंदावतात. याच पेशी कासेत शिरलेल्या जंतूंशी लढतात, त्यामुळे दगडीचा, म्हणजे कासदाहाचा, संबंधही इथेच येतो. अमेरिकेतील ओहायोमध्ये १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भाकड काळात, म्हणजे विण्याआधी दूध आटवलेल्या दिवसांत, रोज १,००० युनिट ई जीवनसत्त्व दिलेल्या गाईंमध्ये उघड लक्षणांच्या कासदाहाचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळले होते. पुढे तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ मध्ये साठवलेल्या चाऱ्यावरील भाकड गाईला वजनाच्या दर किलोमागे १.६ युनिट आणि दुभत्या गाईला ०.८ युनिट वरून द्यावे, असे सुचवले. आमची गाय अंदाजे ४०० किलोची आहे, तेव्हा आटवल्यापासून विण्यापर्यंत रोज ६४० आणि व्याल्यानंतर ३२० युनिट असा हिशेब बसतो. हिरवा चारा भरपूर असेल तेव्हा यात कपात करता येते.

आमच्या भागात गाय उलटली की औषधाच्या दुकानातून माणसांच्या हिरव्या कॅप्सूल आणून भाकरीत घालून चारण्याची पद्धत आहे. मी डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारले. त्यात ई जीवनसत्त्वच असते, ४०० ची कॅप्सूल म्हणजे ४०० युनिट, त्यामुळे ती निरर्थक म्हणता येत नाही. परंतु जार अडकून, पू होऊन, तीन वेळा उलटल्यावर चार कॅप्सूल चारण्यापेक्षा विण्याआधीच्या दोन महिन्यांत रोज थोडे मिळणे उपयोगाचे, असे त्यांचे मत पडले. जितके जास्त तितके चांगले, हेही खरे नाही. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भाकड काळात रोज ३,००० युनिट मिळालेल्या गाईंमध्ये कासदाह उलट वाढलेला दिसला होता. भाच्याने हे दाखवल्यावर भुकटीचा चमचा सढळ हाताने भरण्याची माझ्या मोठ्या भावाची सवय थांबली.

एक जोड-अनुभव इथेच नोंदवतो. चुलतभावाने परसात गावरान कोंबड्यांची शंभर-दीडशे पिल्ले वाढवायला घेतली होती. खाद्य स्वस्त पडावे म्हणून त्याने भंडाऱ्याकडून धानाचा कोंडा मागवला आणि तो पावसाळाभर ठेवून वापरला. धान भरडल्याबरोबर कोंड्यातील तेल विकरांमुळे खवट होऊ लागते; खवट चरबी खाद्यातील ई जीवनसत्त्व तर संपवतेच, शिवाय पिल्लाची गरजही वाढवते. तीन आठवड्यांची पिल्ले अचानक मान मागे टाकून, पाय पसरून गरगर फिरू लागली आणि पडू लागली. त्याला मानमोडी, म्हणजे राणीखेत, वाटली. मेलेल्या पिल्लांचा लहान मेंदू मऊ पडून त्यात रक्ताचे ठिपके आढळले आणि राणीखेतची लस आधीच झालेली होती, त्यामुळे खाद्याकडे लक्ष गेले. कोंडा बदलला, पाण्यातून ई जीवनसत्त्व दिले. नवी पिल्ले पडणे थांबले, पण ज्यांचा मेंदू आधीच बिघडला होता ती सुधारली नाहीत. करडाचा स्नायू बऱ्याच अंशी भरून येतो, मेंदूचे तसे नाही.

पुढच्या हंगामात, घास आणि भुकटी दोन्ही सुरू असताना, माघात व्यालेल्या शेळ्यांच्या करडांत ताठलेल्या पायांचा प्रकार एका जुळ्यापुरता दिसला. ती शेळी बाजारातून गाभण विकत आणलेली होती आणि विण्याआधी आमच्याकडे जेमतेम दहा-बारा दिवस राहिली होती. तिने आधी काय खाल्ले असेल ते विकणाऱ्यालाच ठाऊक. दोन्ही करडांना वेळेत इंजेक्शन मिळाले आणि ती उभी राहिली. गाईंपैकी एकीचा जार वेळेवर पडला, दुसरीचा पुन्हा अडकला. दुसरीचे रक्त तपासल्यावर तिचे कॅल्शियम कमी निघाले, म्हणजे तिथे ई जीवनसत्त्वाला श्रेय किंवा दोष देण्याचे कारण नव्हते. विकत आणलेल्या गाभण शेळीला आता दाव्याला बांधल्या दिवसापासून घास आणि भुकटी सुरू होते, आणि तिच्या करडांना पहिला महिनाभर इतरांपासून वेगळे, लहान कप्प्यात ठेवले जाते. विण्याच्या आधी तिला इंजेक्शन द्यायचे की नाही हे दर वेळी डॉक्टर तिचे वजन आणि अवस्था पाहून ठरवतात.